मदत हवी आहे: मध्यावर पांढरा बरोबर, उजवी कड हिरवट

झेनॉन लॅम्पचा तीन चिपांचा डीएलपी (लाल, हिरव्या, निळ्यासाठी सूक्ष्म आरशांची एकेक चिप) सिनेमा प्रोजेक्टर. नवा लॅम्प तापू दिला, अलाइनमेंट केली, मग प्रेक्षकांच्या जागेवरून स्पेक्ट्रोरेडिओमीटरने (रंग आणि उजेड मोजणारं यंत्र) पांढरा, लाल, हिरवा, निळा मोजून आकडे एमसीजीडीत (प्रोजेक्टरमधली मोजलेल्या रंगांची नोंद) भरले. टीसीजीडी (हव्या असलेल्या रंगांची नोंद) लावल्यावर मध्यावर रंगाचे निर्देशांक एक्स ०.३१४, वाय ०.३५१, उजेड ४८ निट्स. नेमकं हवं तेच.

उजव्या कडेला मात्र वाय ०.३६३. मध्याच्या तुलनेत ±०.०१०ची सूट धरली तरी हे बाहेरच, आणि पांढऱ्या पॅटर्नवर झाक नुसत्या डोळ्यांनाही दिसते. एमसीजीडीची दुरुस्ती सगळ्या चित्राला एकसारखी लागते, त्यामुळे तिथे आकडे फिरवून हे जाणार नाही. कडेसाठी मध्य बिघडवणं तर मुळीच नको.

पोर्टची (प्रोजेक्शन खोलीच्या खिडकीची) काच काढली, लेन्स बदलली, फरक शून्य. लेन्स शिफ्टने चित्र सरकवलं की झाकही सोबत सरकते, म्हणजे पडद्याचा दोष नाही. एकेक रंग टाकून पाहिलं: हिरवा कडेपर्यंत सारखा, लाल आणि निळा उतरतात.

माझा संशय फोल्ड मिररवर (लॅम्पचा प्रकाश प्रिझमकडे वळवणारा आरसा) आहे: तो हलला असेल तर तिरक्या कोनातून आलेल्या प्रकाशाने प्रिझमच्या (प्रकाश तीन रंगांत वेगळा करणारा भाग) कोटिंगची रंग वेगळे करण्याची सीमा सरकते. मिररचे स्क्रू किंचित फिरवल्यावर झाक हलली तर मिरर, नाही हलली तर प्रिझम, असं धरावं का? की आधी इंटिग्रेटर रॉड (लॅम्पचा प्रकाश एकसारखा पसरवणारी काचेची कांडी) तपासावा?