इलेक्ट्रिक कुकर सारखा बर्न दाखवतो, मदत हवी आहे

घाईत_आहे: इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये काहीही टाका, खाली लागतंच, मग बर्न दाखवतो आणि शिजणं बंद. पाणी नेहमीएवढंच घालते. पाहुणे यायचेत, लवकर सांगा, आणि व्हिडिओच्या लिंका नकोत.

बोका: नेहमीएवढं म्हणजे किती? कुकर केवढा? आत आहे काय?

घाईत_आहे: सहा लिटर. टोमॅटोची ग्रेव्ही, कांदा त्यातच परतून. पाणी अर्धा कप, टोमॅटोला सुटतंच की.

सायसाखर: तिथेच घोडं अडलंय. सहा लिटरला निदान एक कप पातळ पाणी हवं, दाट ग्रेव्ही त्यात धरायची नाही. कांदा परतला की थोडं पाणी ओतून लाकडी उलथन्याने तळ खरवडायचा, मग टोमॅटो वरून घालायचे आणि अजिबात ढवळायचं नाही.

जुनं_खोड: आम्ही गॅसवरच करतो, कटकट नाही. तुमच्याकडे शिट्ट्या किती होतात?

बोका: काका, याला शिट्टी नसते.

खटपट्या: सगळे पाण्याच्याच मागे लागलेत. वाफ निसटत असेल तर दोन कप घातलं तरी उडून जाणार. झाकणावरची पिन वर येते का?

घाईत_आहे: नाही. कडेने वाफ येत राहते, ते नॉर्मल ना?

खटपट्या: हे आत्ता सांगताय?! सिलिकॉनची रिंग नीट बसलेली नाही. काढून धुवा, कड्याखाली सगळीकडून दाबून बसवा, चिरली असेल तर नवीन घ्या.

सायसाखर: रिंग बसवली तरी अर्धा कप कमीच आहे, मी हेच म्हणतेय.

मऊभात: जळलेल्या भांड्यात पाणी आणि खायचा सोडा घालून उकळा, डाग लगेच सुटतात.

घाईत_आहे: भांडं राहू दे हो, आत्ता आतल्या ग्रेव्हीचं काय करू?

बोका: कॅन्सल करा, वाफ पूर्ण जाऊ द्या, मगच झाकण उघडा. वरवरची ग्रेव्ही दुसऱ्या भांड्यात काढा, तळ खरवडू नका, नाहीतर सगळ्याला करपट वास लागेल. प्लग काढून गार झाल्यावर हीटिंग प्लेट आणि भांड्याची बाहेरची बाजू पुसा, तिथे एखादं शीत चिकटलं तरी सेन्सर फसतो.

घाईत_आहे: रिंग एका बाजूने वर आलीये. चिरलेली नाही. लगेच ग्रेव्ही टाकू?

खटपट्या: आधी भांडं घासून नुसतं दोन कप पाणी घालून पाच मिनिटं प्रेशरवर लावा. पिन वर येऊन कडेची वाफ थांबली तर टाका.

सायसाखर: आणि एक कप पाण्यासकट टाका.