वडिलांना डिमेन्शिया, बँकेने मुखत्यारपत्र नाकारलं: पैशांचे व्यवहार कसे चालवायचे?

डिचोली_वाचक विचारतात:

वडील ७८ वर्षांचे, निवृत्त सरकारी कर्मचारी. डिमेन्शियाचं निदान झालंय. २०२१ साली त्यांनी मोठ्या मुलाला रीतसर नोंदणी केलेलं मुखत्यारपत्र दिलं होतं. पेन्शनचं खातं त्यांच्या एकट्याच्या नावे. बँकेला आजाराचं समजल्यापासून मुखत्यारपत्रावर पैसे मिळत नाहीत. धाकट्या मुलाला (वय ३४) जन्मापासून बौद्धिक दिव्यांगत्व आहे, प्रमाणपत्रही आहे. त्याच्या नावची मुदत ठेव मोडायची तर बँक त्याची सही मागते. आई आहे. उपचारांसाठी कुळागराचा (सुपारी-नारळाच्या बागेचा) एक तुकडा विकावा लागेल असं दिसतंय. दोघांसाठी एकच अर्ज करता येतो का? आणि कुठे?

बँक_काउंटर:

बँक अडवणूक करत नाहीये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. काही देशांत क्षमता गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे तशी सोय नाही. खात्यावरचं मँडेट पत्र, म्हणजे दुसऱ्याला खातं चालवू देणारं पत्रही, त्याच कारणाने निरुपयोगी ठरतं. वारस नोंद, म्हणजे नॉमिनेशन, खातेदाराच्या हयातीत काहीच अधिकार देत नाही, हे लोकांना फार उशिरा कळतं.

रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत अंथरुणाला खिळलेल्या खातेदारासाठी अंगठ्याच्या किंवा पायाच्या अंगठ्याच्या ठशावर पैसे देण्याची तरतूद आहे. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. पण ही सोय ज्याला समजतं आणि फक्त सही करता येत नाही, अशा माणसासाठी आहे. डिमेन्शियाच्या रुग्णाचा ठसा घेऊन व्यवहार करू नका. पुढे भावंडांत वाद झाला तर तोच कागद पहिल्यांदा बाहेर निघतो. त्यांचं एटीएम कार्ड आणि पिन वापरून घर चालवण्याचंही तसंच.

आजार अजून सुरुवातीचा असेल तर मात्र थोडी वाट आहे. त्याच कायद्याचं कलम १२ म्हणतं की अधूनमधून भानावर असणारा माणूस त्या वेळेपुरता करार करू शकतो. न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडून त्याच तारखेचा दाखला घ्या: 'हा व्यवहार काय आहे ते रुग्णाला समजतं.' मग बँक अधिकाऱ्याला घरी बोलावून पेन्शनचं खातं आईबरोबर 'दोघांपैकी कोणीही' असं संयुक्त करून घ्या. वडिलांना काय चाललंय ते कळत नसेल तर हा मार्ग सोडून द्या.

पर्वरी_वकील:

एका अर्जात दोघांचं होणार नाही. कायदेच वेगळे आहेत.

धाकट्या भावाचं काम सोपं आहे. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चारच स्थितींना लागू होतो. त्याच्या वतीने व्यवहार पाहणारा कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज स्थानिक स्तर समितीकडे करायचा. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख असतात, त्यामुळे डिचोलीसाठी पणजीची कलेक्टर कचेरी. नमुना 'अ' मधला अर्ज, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, वयाचा पुरावा आणि होणाऱ्या पालकाची ओळखपत्रं लागतात. आई हयात असल्याने तिचं नाव आधी सुचवा. तीही वयस्कर असेल तर तिच्या संमतीने थोरल्या भावाचं. समितीने दिलेलं पालकत्वाचं प्रमाणपत्र खातं उघडायला आणि चालवायला ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना कळवलंय. शाखेत कोणी अडलं तर तेवढंच दाखवा.

वडिलांची गोष्ट अवघड. डिमेन्शिया त्या चार स्थितींत बसत नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची तरतूद होती. २०१७ चा कायदा आला आणि ती गेली. त्याच्या जागी काही आलंच नाही, ही मोठी उणीव आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १४ खाली जिल्हा न्यायालयाकडे मर्यादित पालकत्व मागता येतं. पण त्याचा गाभा 'दोघांनी मिळून, ठरावीक निर्णयापुरतं' असा आहे. ज्याला काहीच कळत नाही त्याच्या बाबतीत ते अपुरं पडतं. म्हणून अशी कुटुंबं पालक नेमून मिळावा यासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करतात. आपल्याकडे ती पर्वरीला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात.

याचिकेला जोडायचं: उपचारांची कागदपत्रं, सगळ्या खात्यांची, ठेवींची आणि जमिनींची यादी, महिन्याच्या खर्चाचा अंदाज आणि प्रत्येक वारसाचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. एक मुलगी परदेशात असेल तर तिचंही. तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. न्यायालय सहसा वैद्यकीय मंडळाकडून तपासणी करून घेतं. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा पालकांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. त्यात दर सहा महिन्यांनी अहवाल देण्याची अट आहे. आपल्या आदेशातही हिशेबाची अट येईल असं धरूनच चाला.

याचिकेतल्या प्रार्थनेत, म्हणजे मागण्यांत, प्रत्येक गोष्ट नावानिशी मागा: अमुक खातं चालवणं, अमुक ठेव मोडणं, अमुक सर्व्हे नंबर विकणं. 'सर्व व्यवहार पाहण्याची परवानगी' असा मोघम आदेश घेऊन गेलात तर बँक आणि सब-रजिस्ट्रार दोघंही परत पाठवतील.

डिचोली_वाचक:

जमिनीच्या कागदावर फक्त वडिलांचं नाव आहे. मग आईचा प्रश्न येतो का?

पर्वरी_वकील:

येतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्याच्या कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. स्थावर विकायला दोघांची संमती लागते. म्हणजे आई एकटी सही करू शकत नाही आणि वडिलांच्या वतीने एकटा मुलगाही नाही. आदेशात वडिलांच्या वतीने सही करणारा ठरवून घ्या, आईची सही वेगळी. तुकडा खरेदी करणारा घरातलाच असेल तर पालकाने त्या व्यवहारातून बाजूला व्हावं. हितसंबंध आड आले तर दिव्यांग व्यक्तीला आधार देणाऱ्याने दूर राहायचं, हे २०१६ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय.

हिशेबनीस_म्हापसा:

आदेश हातात पडला की लोक निश्चिंत होतात आणि तिथेच चुकतात. भावाच्या पालकाने नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी समितीला द्यायची असते. मग दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च, म्हणजे ३० जूनच्या आत. हे राहून गेलं आणि कोणी तक्रार केली तर पालकाला काढताही येतं.

दोघांची खाती वेगळी ठेवा आणि स्वतःच्या पैशात कधी मिसळू नका. औषधाचं बिल तुम्ही भरलंत तर तेवढीच रक्कम, त्याच बिलावर, खात्यातून परत घ्या. गोल आकडा काढू नका. मदतनिसाचा पगार शक्यतो खात्यातून थेट द्या. रोख दिलात तर दर महिन्याची पावती घ्या. गोव्यात ही शिस्त जास्तच लागते, कारण वडिलांमागे इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याची न्यायालयीन प्रक्रिया) निघते तेव्हा सगळे वारस समोर बसलेले असतात आणि हयातीत कोणाला काय मिळालं याचा हिशेब मांडला जातो. मुलांचा कायद्याने राखलेला अर्धा वाटा काढून घेता येत नाही, तेव्हा खर्च म्हणून दाखवलेली रक्कम कोणीतरी तपासणारच.

वडिलांचं प्राप्तिकर विवरणपत्र पोर्टलवर 'प्रतिनिधी करदाता' म्हणून नोंदणी करून भरता येतं. आदेशाची प्रत अपलोड करावी लागते. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये विसरू नका. वयाची ऐंशी पूर्ण झालेल्या केंद्रीय पेन्शनरांचा ऑक्टोबरपासूनच घेतात. चेहरा ओळखून तो मोबाइलवरही निघतो, त्यामुळे वडिलांना बँकेत न्यायची गरज नाही. याचिका चालू असताना पेन्शन अडली तर घर चालवणं कठीण होईल, म्हणून हे काम आधी उरका.