मदत हवी आहे : सागातलं नेपियर वाढतच नाही

रानवेडा : जूनमध्ये सागात सुपर नेपियर गवत लावलं. गवतापासून गॅस करणाऱ्या प्रकल्पाचा माणूस बांधावर येऊन सांगून गेला होता, झाडांमधली जागा फुकट कशाला घालवता, टनावर पैसे देतो. कांड्या फुटल्या, पण पुढे काही नाही. पिवळट, काडीसारखं, लोळतंय. काय फवारू? लवकर सांगा, तो मंगळवारी बघायला येतोय.

नानाकाका : युरिया टाक. आमच्याकडे दहा दिवसांत काळंभोर झालं.

बांधावरचा : काका, साग किती वर्षांचा, अंतर किती, गाव कुठलं, काहीच माहीत नाही आणि तुम्ही बॅग फोडून मोकळे! नेपियर उसासारखं उन्हाचं पीक. सावलीत युरिया दिला तर अजून लुसलुशीत होऊन आडवं पडेल.

नानाकाका : तुमचं पुस्तक तुमच्यापाशी. माझं गवत डोक्याच्या वर आहे.

बांधावरचा : सागाखाली?

नानाकाका : विहिरीजवळ, मोकळ्यात. गवत ते गवत.

गोठेवाली : त्यापेक्षा नेपियरचाच फुले जयवंत वाण लावा. आणि कोवळं नुसतं घालू नका, त्यात ऑक्झलेट असतं, गुरांना बाधतं. कडब्यात मिसळून द्या.

रानवेडा : ताई, गुरं नाहीत माझ्याकडे. गॅससाठी आहे.

गोठेवाली : मग दोन म्हशी घ्या की.

रानवेडा : संगमेश्वर. साग ९ वर्षांचा, ६ बाय ६ फूट. अजून काय हवं?

कातळवाला : ६ बाय ६ आणि ९ वर्षं! विरळणी केली नाही ना? कडेच्या ओळीतलं गवत कसं आहे?

रानवेडा : नाही केली. रस्त्याकडचं छातीला लागतं. आत गुडघाभर.

कातळवाला : मग फवारणीचा प्रश्नच नाही, ऊन नाही. पावसात गवताला पाणी असतं तेव्हाच सागाची ताटाएवढी पानं डोक्यावर. पानं झडून ऊन खाली येतं तोवर आपल्या जांभ्या मातीत ओल उरलेली नसते. उन्हाळ्यात पाणी आहे का? नसेल तर नेपियर कडेच्या ओळींतच ठेवा. आत गिनी गवत करून बघा, ते सावली जास्त सोसतं, केरळात नारळाखाली लावतात. टन कमी भरतील. तुमचा माणूस गिनी घेतो का, आणि दर लेखी देतो का, ते आधी विचारा.

बांधावरचा : इतक्या दाटीत गिनीसुद्धा रडेल. आधी एकाआड एक ओळ काढा.

कातळवाला : काढा म्हणजे? १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग अनुसूचित आहे, म्हणजे संरक्षित झाडांच्या यादीत. जागा स्वतःची असली तरी परवानगीशिवाय कुऱ्हाड नाही.

वेळूबन : अवांतर : सगळा साग काढून बांबूच लावा ना. मी तर बांधभर लावलाय, फोटो टाकतो.

बांधावरचा : वेळूबन, प्रत्येक धाग्यावर बांबू?

रानवेडा : पाणी नाही, पाऊस आहे की. परवानगीचं बघतो, पण ती काय मंगळवारपर्यंत मिळणार आहे? तोवर फवारू काय ते सांगा.

नानाकाका : युरिया.