दोन्ही हातांचं बीपी बघितलंय का?

महिनोन् महिने ताप, थकवा आणि वाढलेला ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), एवढ्यावर टीबीची औषधं सुरू करावीत का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या भाचीचं अगदी असंच सुरू झालं. वय 14, राहायला कळव्याला. हात वर करून वेणी घालताना डावा हात भरून यायचा, सगळे म्हणायचे, दहावीचं टेन्शन (ती नववीत होती!). डाव्या हाताचं बीपी लागेना म्हणून दोनदा मशीनच बदललं. शेवटी ठाण्यातल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी दोन्ही मनगटं एकदम धरली. डावी नाडी जवळपास नव्हतीच. सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये) महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, शाखा अरुंद दिसल्या. ताकायासू, म्हणजे महाधमनी आणि तिच्या शाखांना सूज येण्याचा आजार.

महाधमनीची बायोप्सी काही करत नाहीत, त्यामुळे इथे निदान मुख्यतः स्कॅनवर. नाकातून किंवा खोकल्यातून रक्त, लघवी लाल, असं असेल तर मात्र शंका लहान रक्तवाहिन्यांच्या सुजेची, मग एएनसीए ही रक्ततपासणी आणि बऱ्याचदा किडनीची बायोप्सी लागते. टीबी तपासून घ्याच, पुढे स्टेरॉइड द्यायची वेळ आली तर ते कळायलाच हवं. पण आधी चारही हातापायांचं बीपी घ्यायला सांगा. आणि कफ मुलांच्या मापाचा मागा, मोठ्यांचा लावला तर आकडा खोटाच कमी येतो.