मदत हवी आहे: सूट फाटला तर हवा कुठे जाईल?

मंडळी, विज्ञानकथा लिहितोय आणि एका फाटक्या हातमोज्यापाशी अडलोय. बीएसएल-४ (सर्वात घातक जंतूंसाठीची, सर्वोच्च सुरक्षेची) प्रयोगशाळेतल्या सूटमध्ये नळीने हवा सोडून आतला दाब जास्त ठेवतात. भोक पडलं तरी हवा बाहेर जाते, जंतू आत शिरत नाहीत. इथवर ठीक. पण माझ्या नायिकेला वाचवायचाय तो परग्रह, तिच्याच जंतूंपासून! म्हणजे सगळं मुसळ केरात.

१९६९ मध्ये अपोलो ११ च्या वीरांना चंद्रावरून परतल्यावर, जंतू बाहेर पसरू नयेत म्हणून, सूट चढवून विलगीकरण कक्षात नेलं, पण ते पृथ्वीच्या हवेत. विरळ हवेच्या ग्रहावर आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवणार कसा? दुहेरी थराचा सूट, मधल्या पोकळीतली हवा ओढून गाळणारा, पटेल का? आणि तो उतरवायचा कुठे? (रासायनिक शॉवर लिहून झालाय, फार सोपा वाटतो.)