फुलं दिली आणि गडबड झाली: तुमचे अनुभव सांगा

चाफेकळी
आज मंडईत गौरींसाठी शेवंती घेत होते. पांढरी, टपोरी, पाव किलो. मावशींनी पुडा हातात दिला आणि एकदम २००४ साल आठवलं. आमच्या वरच्या मजल्यावर एक फ्रेंच जोडपं भाड्याने राहायचं. तिच्या वाढदिवसाला मी अशीच पांढरी शेवंती नेली, दांड्यांसकट, छान जुडी बांधून. तिने हसून घेतली, पण फुलदाणीत काही ठेवेना. ओट्यावरच राहिली. चार दिवसांनी चहाला आली तेव्हा हळूच म्हणाली, आमच्याकडे १ नोव्हेंबरला लोक आपापल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतात. त्या वासाने तिला आईची कबर आठवायची.

फार वाईट वाटलं हो. मग मी तिला आमच्या गौरींचे फोटो दाखवले, शेवंतीने मढलेल्या. बराच वेळ बघत बसली. पुढच्या भाद्रपदात गौरींसाठी शेवंतीची वेणी घेऊन तीच आमच्याकडे आली.

तुमचेही असतील असे अनुभव. इथले, तिथले, कुठलेही चालतील. लिहा ना.

पेठकर
पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकत होतो. शेवटच्या तासाला वर्गणी काढून बाईंना डझनभर गुलाब नेले. बाईंनी मोजले, एक काढून पहिल्या बाकावरच्या मुलीला दिला. म्हणाल्या, आता बरोबर. जिवंत माणसाला विषम संख्येत द्यायची, सम संख्या अंत्यविधीला. पिवळी फुलंही प्रेमाच्या माणसाला देत नाहीत, ताटातुटीची समजतात. आपण आहेर ५१, १०१ देतो, वरचा एक रुपया विसरत नाही. फुलांच्या वेळीच डझन कुठून सुचलं कोण जाणे!

झिपरी
बसमध्ये आहे, थोडक्यात. जर्मनच्या वर्गात शिकवलेलं: कुणाकडे जेवायला गेलात तर फुलांवरचा कागद दाराबाहेरच काढायचा, मग फुलं हातात द्यायची. आणि यजमानीणबाईंना लाल गुलाब नाही! ते प्रेमाचे. उतरायचं आलं, नंतर लिहिते

कुंदा_औंध
जावई जपानात होते तेव्हा त्यांचे साहेब हॉस्पिटलात. कापलेली फुलं दोन दिवसांत सुकतात म्हणून जावई कुंडी घेऊन निघाले. ऑफिसातल्या एका बाईंनी लिफ्टपाशीच अडवलं. मूळ धरणं आणि अंथरुणाला खिळणं, दोन्हीला तिकडे 'नेत्सुकु'च म्हणतात. कुंडी म्हणजे आजारी माणूस तिथेच मूळ धरणार. कॅमेलियाही नेत नाहीत, ते फूल अख्खंच्या अख्खं गळून पडतं, मान तुटल्यासारखं. शेवटी कुंडी ऑफिसात राहिली, चांगली वाढली म्हणे.

मोगरा७२
परदेशातलं वाचते आहे आणि मला आमचा वाडा आठवतोय. बाबा गेले त्याच्या पुढच्या चैत्रात शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकू. गजरे आईनेच केले होते. दुपारभर बसून, ओल्या फडक्यातल्या कळ्या, दोन इकडे दोन तिकडे, दोऱ्याचा फास. बोटं हिरवट झाली होती तिची. संध्याकाळी ताट फिरलं. आईपाशी आलं, क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं. कुणी काही बोललं नाही. मी बारा वर्षांची. माझा गजरा मी केसांत घातलाच नाही, मुठीत धरून घरी आणला.

मागच्या वर्षी तिच्या पंच्याहत्तरीला मी तिच्या अंबाड्यावर गजरा माळला. नको नको म्हणाली. मग दिवसभर हात मागे नेऊन चाचपत होती, आहे ना म्हणून. रात्री काढून उशाशी ठेवला.

चाफेकळी
मोगरा, डोळे भरले गं. आईंना माझा नमस्कार सांग.

अबोली
आमच्याकडे ही प्रथा सासूबाईंनीच मोडली. हळदीकुंकवाला जी बाई दारात येईल तिला फूल, विचारायचंच नाही. पंधरा वर्षं झाली. एक-दोघी यायच्या बंद झाल्या, दहा जणी नव्या येतात.

मावळचा
फूलशेती करतो. फेब्रुवारीच्या सणाला आमचे गुलाब परदेशी जातात, पण आत्ता झेंडूबद्दल लिहायचंय. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. तिकडे १ आणि २ नोव्हेंबरला गेलेली माणसं घरी येतात म्हणून दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. आपण त्याचंच दसऱ्याला तोरण करतो. दोन्हीकडे दारातच की! मला हे फार आवडतं.

पेठकर
फुलांवरून आठवलं, आमच्याकडे सकाळी पुडी यायची. पानात बांधलेली, दोऱ्याने कडीला अडकवलेली. जास्वंद एक, दूर्वा, चार प्राजक्त, तुळस. गणपतीला तुळस नको म्हणून आजी ती आधी बाजूला काढायची आणि बाळकृष्णाला वाहायची. गणेश चतुर्थीला तेवढी गणपतीला.

कुंदा_औंध
आणि फूल हुंगलं की धपाटा! देवाला वाहायच्या आधी वास घ्यायचा नाही.

अबोली
पेठकर, पुडीवाले अजून येतात का हो? आम्ही कोथरूडात आलो तेव्हापासून पुडी नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीतली फुलं मिळतात.

पेठकर
येतात की. सहा वाजता, सायकलवरून. त्यांचा भाऊ कोथरूडकडे जातो असं ऐकलंय, उद्या सकाळी विचारतो आणि सांगतो. कुठल्या बाजूला तुम्ही?

अबोली
डहाणूकर. लवकर सांगा, गौरी यायच्या आत.