विषय: गणपतीला स्वॅबचं टेबल कुठे? आजच ठरवू या

मंडळी,
शाळेची बाजूची खोली यंदा मिळत नाही. बोन मॅरो (हाडांतली रक्त बनवणारी अस्थिमज्जा) देऊ इच्छिणाऱ्या दात्यांच्या नोंदणीचं टेबल दाराजवळ, चपला काढतात तिथे लावू या. फॉर्म भरायचा, गालाच्या आतून काडी फिरवायची, मोकळे. मागच्या वेळी जेवणाच्या रांगेशेजारी लावलं, तर तोंडात घास असलेल्यांना "थोड्या वेळाने या" म्हणावं लागलं. ते परत आलेच नाहीत.
– नीला

नीलाताई, दारात कुपनांचं टेबल असतं. दोन रांगा एकमेकींत घुसल्या की जेवणाचा घोळ होतो आणि बोलणी आम्हाला बसतात. प्रसादानंतर मागे लावा ना.
– मंजिरी (भोजन समिती)

प्रसादानंतर म्हणजे मोदक खाऊन! आरतीआधीच हवं गं.
– नीला

नोंदणीला चाळिशीपर्यंतचेच चालतात, ही अट कशाला? मी ५२ चा, नेमाने रक्त देतो. आणि मणक्यात सुई घालतात म्हणे, ते खरं का?
– सुधीर

सुधीरदादा, मणक्याचा संबंधच नाही. अस्थिमज्जा भूल देऊन काढतात तीही कमरेच्या मागच्या हाडातून. मी तर रक्तातून रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी दिल्या. त्या पेशी रक्तात वाढाव्यात म्हणून ५ दिवस इंजेक्शनं, कंबर ठणकायची. मग दोन्ही दंडांत सुया आणि कित्येक तास यंत्रापाशी. हात हलवायचे नव्हते, आईने चमच्याने उपमा भरवला. दोन दिवसांनी कामावर होतो.
वयाचं म्हणाल तर तरुण दात्याच्या पेशींनी रुग्णाला जास्त गुण येतो. तुमच्या दोन्ही मुलांना पाठवा. रुग्णाच्या पेशींचा प्रकार सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यताच चारात एक. बाहेर शोधायचं तर आपल्याच वंशाच्या माणसांत. एनएमडीपी या अमेरिकेतल्या दाता-नोंदणी संस्थेच्या यादीत गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७९ टक्के, आशियाईंना ४७.
एक कळकळीने सांगतो. रुग्णाशी जुळल्याचा फोन आल्यावर "नाही" म्हणायचं असेल, तर आजच म्हणा. शेवटच्या घटकेला दाता मागे फिरला, तर रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा औषधांनी तोवर संपवलेली असते.
– अमेय

मुलगी कॉलेजात, गणपतीला येणार नाही. तिचं काय?
– सुधीर

किट टपालाने जातं. पत्ता बदलला की कळवायला मात्र सांगा, मुलं दरवर्षी खोली बदलतात.
– नीला

कुपनं जिन्याखाली नेते. दार तुम्ही घ्या. पण आरती सुरू झाली की टेबल उचलायचं, पानं तिथूनच आत जातात.
– मंजिरी